नऊ वेढे

"अगं ऋजुता, दूध!"

मी ओरडले तरी ती जागची हलली नाही. गॅससमोर उभी होती, खांद्यावर पोरगी, डोळे मिटलेले. दूध उतू जाऊन ओट्यावरून तिच्या पावलावर ठिबकत होतं आणि ही उभ्या उभ्या झोपली होती. पोरीखालचा हात सैल पडत चाललेला. मी धावत जाऊन आधी पोर काढून घेतली, मग गॅस बंद केला.

"काय झालं, माई?" तिने दचकून विचारलं. "किती वाजले?"

"सकाळचे साडेनऊ. आणखी मिनिटभर गेलं असतं तर तुझी लेक बर्नरवर पडली असती."

तिने माझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. खांद्यावरून काढलेली केतकी मात्र माझ्या हातात टक्क जागी, गालाला खळी पाडून हसत होती. रात्रभर घर डोक्यावर घ्यायचं आणि सकाळी असं हसायचं, हा तिचा शिरस्ता.

बावीस वर्षं झाली त्याला. माझी सून बाळंतपणाला माहेरी, नाशिकला होती. मी साताऱ्याहून बारशाला म्हणून चार दिवसांसाठी गेले ती महिना उलटला तरी तिथेच होते, कारण त्या घरात एकालाही काही येत नव्हतं. हे माझं तेव्हाचं मत. तेव्हा माझी बहुतेक मतं अशीच होती. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं मी. समोरचं माणूस चुकतंय हे ते तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं.

केतकी अडीच महिन्यांची होती आणि रात्री पाऊण पाऊण तासाने उठायची. प्यायची, डोळे मिटायची, खाली ठेवली की बेंबीच्या देठापासून किंचाळायची. ऋजुता दोन महिन्यांत सलग दोन तास झोपली नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पिंजारलेले, बोलता बोलता वाक्य विसरायची. आणि त्या दिवशी ते दूध. ही बाई पोरीला घेऊन कुठेतरी कोसळणार, हे मला त्या सकाळी स्वच्छ दिसलं. काहीतरी करायला हवं होतं आणि ते करण्याइतकी अक्कल त्या घरात फक्त मलाच होती.

बाकीच्यांचं काय सांगू! माझा मुलगा मंदार पुण्याला नोकरीवर. रोज रात्री फोन करायचा, "माई, काहीतरी कर ना गं." मुलगा माझाच, पण नुसता लोण्याचा गोळा. त्याने बायकोला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं, पोरं झोपवायचं. त्यात बघून ऋजुताने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. झोपली की निळा चौकोन, उठली की लाल. सगळा तक्ता लालभडक. पुस्तकात म्हणे लिहिलं होतं, पोर रडलं तरी लगेच उचलू नका. हिने एकदा आठ मिनिटं दाराबाहेर उभं राहून पाहिलं. पोरीपेक्षा जास्त हीच रडली.

व्याही कानात कापसाचे बोळे घालून गॅलरीत झोपायचे. सकाळी उठून विचारायचे, "रात्री झोपली वाटतं?"

आणि विहीणबाई. शैलजा ओतूरकर. गोड बोलणं, हळू चालणं, सगळ्याला "हो ना", सगळ्याला "तसंच करू या". रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी नातीची दृष्ट काढायची, मोहऱ्या तव्यावर टाकायची आणि तडतडल्या की डोळे विस्फारून म्हणायची, "बघा, केवढी दृष्ट लागलेली!" अहो, तापल्या तव्यावर मोहरी तडतडणार नाही तर काय करणार? मग रात्री आठला ओवा आणि वावडिंगाची धुरी. आतल्या खोलीत दार लावून, नातीला मांडीवर घेऊन, गाणं गुणगुणत. धुराने मला खोकल्याची उबळ यायची, म्हणून मी त्या वेळी तिथे पाऊल टाकत नसे. बाहेर बातम्या लावून बसायची आणि मनात म्हणायची, चालू द्या तुमचं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही केतकीला डॉक्टरांकडे नेलं. टिळेकर म्हणून पोरगेलासा डॉक्टर होता, माझ्या विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ शोभावा असा. त्याने वजन केलं, कान पाहिले, पोट दाबून पाहिलं.

"बाळ उत्तम आहे," तो म्हणाला. "काही बाळं उठतात अशी. तीन-चार महिन्यांनी कमी होईल. रात्री एखादा तास दुसऱ्या कुणीतरी बाळाला घेऊन आईला झोपू द्या."

"गुटी द्यायची का?" मी विचारलं. "जायफळाचा एखादा वेढा?"

"अजिबात नाही. आईच्या दुधाशिवाय वरचं काहीही नको. जायफळ तर नाहीच नाही."

"आम्ही सगळे गुटीवरच वाढलो."

"वाढलात ते इथे येऊन सांगता, आजी. जे वाढले नाहीत ते सांगायला येत नाहीत."

मला आजी म्हणाला! मी ओठ मिटून घेतले. विहीणबाईंनी मात्र नंदीबैलासारखी मान हलवली. "डॉक्टर म्हणतील तसंच करू हो." घरी आल्या आल्या ऋजुता म्हणाली, "आई, तो गुटीचा डबा उचलून ठेव." विहीणबाईंनी लगेच डबा आणि सहाण उचलली नि स्वयंपाकघरातल्या फडताळात वर ठेवून दिली. बाळंतपणाच्या आधी स्वतः बाजार पालथा घालून जमवलेला डबा तो! हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, सगळं निवडून आणलेलं. आणि लेकीच्या एका शब्दासरशी फडताळात. इतका कणा नसावा का माणसाला, असं मला वाटलं. मला तिची कीव आली, अगदी खरं सांगते.

दुसऱ्या दिवसापासून मी माझं काम सुरू केलं.

संध्याकाळी सहाला ऋजुता खाली वीस मिनिटं चालायला जायची, विहीणबाई देवळात, व्याही कट्ट्यावर. घरात मी आणि केतकी. मी डबा काढला, उकळलेल्या पाण्याच्या चार थेंबांत सहाणेवर जायफळाचे दोन वेढे दिले, बोटाने पोरीच्या जिभेला लावलं. सहाण धुऊन, पुसून जागेवर. वेढे मोजून दिले. अंदाजपंचे काही करणं माझ्या स्वभावात नाही. मंदारला मी असंच वाढवलं होतं आणि माझ्या सासूने मला हेच शिकवलं होतं.

त्या रात्री केतकी दोनदा कमी उठली. तिसऱ्या रात्री एकदम तीन तास झोपली. फ्रिजवर पहिल्यांदा निळे चौकोन लागले आणि घरात जो काही आनंद झाला म्हणता!

"मी म्हटलंच होतं," ऋजुता पुस्तक छातीशी धरून म्हणाली. "दिवसा नियमित ठेवलं की रात्री लागते झोप."

"धुरीचा गुण आहे हो," विहीणबाई लाजत म्हणाल्या. "आणि दृष्ट उतरली."

मी नुसती हसले. मुलींनी चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढलं की मी अशीच हसायची.

पुढच्या दिवशी जायफळ हातात घेतलं तर ते मला जरा जास्तच झिजलेलं वाटलं. मी ज्या बाजूने उगाळायची ती बाजू सपाट होती, पण दुसरीही एक बाजू सपाट दिसली. माझ्या लगेच ध्यानात आलं. दुपारी विहीणबाईंनी लाडू वळले होते. डिंकाचे, मेथीचे, रव्याचे. त्या घरात सतत काही ना काही वळलं जायचं आणि बाळंतिणीच्या नावाखाली सगळे चरायचे.

"विहीणबाई," मी जेवताना म्हटलं, "लाडवांत जायफळाचा हात सढळ आहे हो तुमचा."

त्या घास हातात धरून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "घातलं असेल थोडं."

लाडवाला जायफळाचा वाससुद्धा नव्हता. मी मनात म्हटलं, घालतेही आणि ते चवीला लागूही देत नाही. काय तो हात! एवढा विचार करून मी तो विषय संपवला. बीजगणितात एका अक्षराला अशी किंमत देऊन मोकळी झाले असते तर मीच मुलीच्या वहीवर लाल रेघ मारली असती.

शनिवारी मंदार येणार होता. लग्नानंतर प्रथमच पोराने माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि मला त्याला रात्रभर शांत घर दाखवायचं होतं. नेमकी शुक्रवारी रात्री केतकी चारदा उठली. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी दोनाचे पाच वेढे केले. हात जरा थबकला होता, खोटं कशाला बोलू? पण माझ्या मनात आलं, एका रात्रीने काय होतंय.

रविवारी सकाळी मी उठले तर उन्हं खिडकीतून आत आलेली. घर शांत. मंदार चहा पीत बसला होता, चेहरा ताजातवाना.

"माई, जादू केलीस! एकदाही उठली नाही."

"अजून झोपलीय?"

"मस्त. ऋजुता पण."

आठ वाजले, नऊ वाजले. ऋजुता उठली, आंघोळ करून आली, तक्त्यावर एका ओळीत दहा निळे चौकोन रंगवले आणि टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी जिलेबी आणली. साडेनऊला ती म्हणाली, "आता पाजायलाच हवं बाई, मला सहन होत नाही," आणि आत गेली.

मग तिचा आवाज आला. ती ओरडली नव्हती, नुसतं म्हणाली, "मंदार, ही मान धरत नाहीये."

केतकी तिच्या हातावर ओल्या फडक्यासारखी पडली होती. तोंड उघडं. छातीशी धरली तर ओठ मिटेनात. तळपायाला टिचक्या मारल्या, गालावर पाणी लावलं, नावाने हाका मारल्या. पापणीसुद्धा हलली नाही. श्वास होता, पण तो मोजायला थांबावं लागत होतं. मी एकतीस वर्षं मोजण्यात घालवलेली बाई, मला दहाच्या पुढे मोजता येईना.

रिक्षात ऋजुता सारखी एकच म्हणत होती, "मी चौकोन रंगवत बसले. मी चौकोन रंगवत बसले."

टिळेकरने एका मिनिटात पोरीला आत घेतलं, सलाइन लावलं, बोटाला ते लाल दिव्याचं यंत्र बसवलं. मग बाहेर येऊन आम्हा चौघांसमोर उभा राहिला. व्याही फाटकाशी रिक्षावाल्याजवळच थांबले होते.

"घरात कोणी काही दिलंय का बाळाला? औषध, गुटी, काहीही?"

"नाही," ऋजुता ताडकन म्हणाली. "आम्ही कुणी काही देत नाही."

मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत होते.

"मी दिलीय."

विहीणबाई बोलल्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं, आवाज नेहमीसारखाच हळू, पण स्पष्ट. "जायफळ. रात्री धुरीच्या वेळी. आधी दोन वेढे देत होते, आठवडाभर. काल जावई येणार म्हणून चार दिले."

"आई! तू?" ऋजुताचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला सांगितलं होतं ना मी? समोर हो हो म्हणालीस आणि..."

"काय अडाणीपणा आहे हा!" मंदार ओरडला.

आणि मग मी बोलले. ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, "डॉक्टरांनी एवढं बजावलं होतं, विहीणबाई."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

टिळेकरने कपाळ चोळलं. "चार वेढ्यांनी बाळ सुस्त होईल. पण इतकं? मला पटत नाही. मेंदूज्वर नाही ना, ते बघायला हवं. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढावं लागेल. घाबरू नका, पण आत्ताच करायला हवं. सही करा इथे."

नर्सने कागद आणला. "एवढ्याशा पाठीत सुई?" ऋजुता म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली. दूध उतू गेलं त्या दिवशी बसली होती तशीच. मंदारने पेन घेतलं. त्याने 'म' लिहिला, वर अनुस्वार दिला.

मी अजून गप्पच होते. बोलले तर काय होईल हे मला दिसत होतं. हीच सून, हाच मुलगा, हाच पोरगेला डॉक्टर, आणि मी विहीणबाईंच्या शेजारी. त्यांच्या शेजारी! एवढ्याचीच मला लाज वाटत होती. पोर आत तशी पडलेली असताना मला ह्याची लाज वाटत होती.

"थांब," मी म्हणाले. "सही करू नकोस. मी पण दिलंय."

पेन थांबलं.

"संध्याकाळी सहाला. मी पण आठवडाभर दोन-दोन. काल पाच."

टिळेकरनेच बेरीज केली. "नऊ," तो म्हणाला. "दोन तासांत नऊ वेढे." तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसता कागद मंदारच्या हातून काढून घेतला. "मग सुई आत्ता नको. संध्याकाळपर्यंत श्वासावर लक्ष ठेवू. उतरायला हवं." आत जाता जाता वळून म्हणाला, "हे दहा मिनिटं आधी सांगायला हवं होतंत, आजी."

बाकावर आम्ही दोघी उरलो. मधे एका माणसाची जागा. ऋजुता आणि मंदार काचेच्या दाराला चिकटून उभे, आमच्याकडे पाठ करून.

"सहाण रोज ओलसर लागायची मला," विहीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही सुंठ उगाळून कपाळाला लावता. म्हटलं, ह्या बाईला कामाच्या वेळी बरोबर डोकेदुखी सुचते."

"मला वाटलं तुम्ही लाडवांत घालता. म्हटलं, हावरट घर आहे."

त्यांच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. हसू नव्हतं ते.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं मी," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कधी काही विचारत नाही. सांगता."

"तुम्हीही कुठे विचारलंत?"

"तुम्हाला विचारायची भीती वाटायची." मग मुठीतला पदर सोडून, "मघाशी मला बोललात ना, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली, नेहमीसारखीच. ह्या मानेला मी महिनाभर नंदीबैल म्हणत होते. चौघांसमोर, जावयासमोर, पहिल्या दमात खरं बोलली ती हीच बाई. मला ते जमायला नातीच्या पाठीशी सुई यावी लागली. त्या बाकावर मला माझी जी किळस आली, ती त्याआधी मला जगातल्या कुठल्याही मूर्ख माणसाची आली नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला केतकी रडली. आधी मांजरीच्या पिल्लासारखी कुरकुर, मग एकदम बेंबीच्या देठापासून, सगळा मजला हादरेल असं. नर्स "अले अले" करत पुढे झाली तर ऋजुताने तिचा हात धरला. "नको. रडू दे." आम्ही सगळे उभे राहून ते रडणं ऐकत होतो. पोरीला गप्प करायला कुणी धावलं नाही.

दोन दिवसांनी तिला घरी सोडलं. सामान भरायला मी स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजवर तक्ता तसाच होता. शनिवारच्या दहा निळ्या चौकोनांवर ऋजुताने पेनने लिहिलं होतं: आई चार, माई पाच. खाली रेघ, रेघेखाली नऊ. बाजूला एक शब्दही नव्हता. ती लेकीला घेऊन मंदारबरोबर पुण्याला निघून गेली, एकटीने रात्री काढायला. केतकी दहा महिन्यांची होईपर्यंत तशीच उठत होती म्हणे. ऋजुताने आम्हा दोघींपैकी कुणालाही बोलावलं नाही, आणि आम्ही बोलावणं मागितलं नाही.

आता सगळं सुरळीत आहे. विहीणबाई गेल्या, तीन वर्षं झाली. मी दिवाळीला पुण्याला जाते, ऋजुता पाटावर बसवून मला तेल लावते. केतकी बावीस वर्षांची घोडी झालीय, इंजिनिअर झालीय, आणि सुट्टीत सकाळी दहा दहा वाजेपर्यंत झोपते.

गेल्या भाऊबीजेला सकाळी मी पाणी प्यायला उठले तर केतकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत ऋजुता उभी होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आंघोळ करून आलेली. झोपलेल्या लेकीवर वाकून तिने दोन बोटं तिच्या नाकासमोर धरली होती. बराच वेळ धरली होती. मग सरळ झाली, वळली आणि तिला मी दिसले.

ती माझ्या शेजारून स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. मी तिथेच उभी राहून केतकीच्या छातीचं वर-खाली होणं मोजत राहिले.